वाळ्याच्या दाखल्यावर बापाचं नाव काय लिहायचं?

मुनव्याची_शाळा (धागा सुरू केला)

राम राम मंडळी. मी रावेरकडच्या एका खेड्यात शाळा शिकवते. घरी सासऱ्यांची, म्हणजे आबांची, चार एकर केळी आहे. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात मृगाचा पहिला दणका झाला आणि दुसऱ्या दिवशी शाळेतल्या तुळशीच्या कुंडीखालून काळं, चकचकीत, वीतभरही नसलेलं काहीतरी वळवळत निघालं. पोरं ओरडली, "बाई, गांडूळ!" एक म्हणाला, "गांडूळ नाही, वाळा साप आहे, कानात शिरतो." मग काय, बाक सोडून सगळे कानावर हात धरून उभे.

गावातल्या सर्पमित्राला बोलावलं. त्याने तो जीव तळहातावर घेतला, जीभ कशी बाहेर काढतो ते पोरांना दाखवलं, कुंडीजवळच्या ओल्या मातीत परत सोडला आणि जाता जाता एक वाक्य टाकून गेला: "यांच्यात नर नसतो. सगळ्या माद्याच."

झालं, गणिताचा तास गेला. सहावीतल्या एकाने विचारलं, "बाई, मग याच्या दाखल्यावर बापाचं नाव काय लिहायचं?" वर्ग हसला, मीही हसले, पण उत्तर देता आलं नाही. पुस्तकात अलैंगिक प्रजनन म्हणजे अमिबा, हायड्रा, पानफुटी. साप त्यात कुठून आला?

घरी सांगितलं तर आबा म्हणाले, "त्यात काय नवल? आपल्या केळीला तरी बाप कुठंय?" आणि त्यावरून घरात वाद पेटला. माझे प्रश्न दोन. सर्पमित्र म्हणाला ते खरं का? आणि मुनव्यातून (बुडाशी कंदाला फुटणाऱ्या पिलातून) येते ती केळीची लेक, की तीच केळी पुन्हा? आबा म्हणतात लेक. मी म्हणते तीच. पोरांना सांगता येईल असं सांगा.

शेवभाजी_जास्त_तिखट

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांना शासनानेच आईचं नाव लावायला सांगितलंय. वाळा एक पाऊल पुढे गेला, त्याने बापाचा रकानाच खोडला.

फणीधर

ताई, सर्पमित्राचं बरोबर आहे. मी स्वतः जळगावात पंधराएक वर्षं साप पकडतोय, पावसाळ्यात निम्मे फोन या वाळ्याचेच असतात. मोरीतून निघतो, कुंडीतून निघतो, न्हाणीत सापडतो. हा बिनविषारी आहे. तोंड इतकं बारीक की तुम्हाला चावायचं म्हटलं तरी जमणार नाही. शेपटीला छोटंसं टोक असतं, हातात धरलं की ते टोचतं, त्यावरून लोक म्हणतात डंख मारतो. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-अळ्या हे याचं जेवण. डोळे खवल्याखाली दोन काळे ठिपके, उजेड-अंधार कळण्यापुरते. कानात शिरतो ही निव्वळ आवई. त्याला मुंग्यांचं वारूळ हवंय, तुमचा कान नको.

आता नराचं. जगात सापांच्या हजारो जाती आहेत. काही जातींत मादी कधीमधी नराशिवाय पिल्लं देते. पण कायमच नराशिवाय चालवणारी जात ही एकच माहीत आहे. याचा नर आजवर मिळालेला नाही. मादीच्या अंड्यातून तिच्याच गुणसूत्रांचं पिल्लू निघतं, तेही मादी. म्हणून एक वाळा कुंडीच्या मातीत बसून बोटीने गेला तरी तिकडे नवी वस्ती होते. मूळचा हा आपल्याकडचा, आशियातला, पण झाडांच्या कुंड्यांतून आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, समुद्रातली बेटं, सगळीकडे पोचलाय. इतर सापांना परदेशात संसार मांडायला निदान जोडी तरी लागते.

जिभाऊ_धुळेकर

नर नई, मंग पोरे कशा व्हतस भो? मनं ते डोकंच फिरनं.

चोपड्याचा_कापूसवाला

जिभाऊ, डोकं फिरायचं असेल तर माझ्या कपाशीत या. पानं उलटी करून दाखवतो.

मावा सगळ्यांना माहीत आहे. आज पानाखाली चार दिसतात, आठवड्याने पान वाकडं होतं, वर चिकटा पडतो, मुंग्यांची रांग लागते. आम्ही म्हणायचो "हवेतून येतो". येतो खरा, पण पंखांचे दोनचारच येतात. बाकीचा मेळावा तिथेच भरतो. मावा अंडी घालत बसत नाही, जिवंत पिल्लंच टाकते, आणि आपल्या गरम मुलखात वर्षभर नराशिवायच. (थंड देशांत हिवाळ्याच्या तोंडावर नर निघतात, मीलन होतं, अंडी घातली जातात, ती थंडी काढतात. आपल्याकडे तशी थंडीच नाही.) त्यावर कडी म्हणजे जन्माला येणाऱ्या पिल्लाच्या पोटात त्याचं पिल्लू आधीच वाढायला लागलेलं असतं. आजीच्या पोटात आई आणि आईच्या पोटात नात, एकाच वेळी. साधारण आठवड्यात पिल्लू व्यायला तयार. गर्दी झाली, पान सुकायला लागलं, की पुढच्या पिल्लांना पंख फुटतात आणि ती शेजाऱ्याच्या शेतात.

हे पहिल्यांदा शिस्तीत कोणी पाहिलं ते वाचलं तेव्हा मला त्या माणसाची दया आली. १७४० सालची गोष्ट. जिनिव्हाचा शार्ल बॉने, वय वीस. नुकतंच जन्मलेलं माव्याचं एक पिल्लू त्याने काचेखाली एकटं कोंडलं, नराचा संबंधच येऊ दिला नाही, आणि रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत भिंग लावून बसला. महिनाभरात त्या एकटीने ९५ पिल्लं दिली. त्याने एकेक मोजून लिहून ठेवलं. माझ्याकडे पिकावर तेवढ्याच वेळात ९५ हजार होतात आणि मोजायला कोणी येत नाही.

वणीची_वारकरीण

हा तर रक्तबीज झाला! थेंब पडला की नवा राक्षस, हुबेहूब तसाच.

चोपड्याचा_कापूसवाला

ताई, अगदी. आणि रक्तबीज तलवारीने संपला नाही, देवीने थेंब जमिनीवर पडू दिला नाही तेव्हा संपला. आमच्याकडे ते काम ढालकिडा करतो. म्हणून मावा दिसला की लगेच फवारणी करू नका म्हणतो मी, पण ऐकतं कोण. फवारणीत आधी ढालकिडे मरतात, मावा उरतो आणि मग रान मोकळंच.

गप्पा_मारतो_फक्त

गांडूळ पण तसंच ना? कुदळीने मधोमध तुटलं की दोन होतात. लहानपणी मी शंभर तरी वाढवले असतील.

गांडूळखत_पारोळा

दादा, तुम्ही शंभर वाढवले नाहीत, शंभर मारले. गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होत नाहीत. तोंडाकडचा भाग पुरेसा लांब असेल तर त्याला शेपूट परत येऊ शकते, मागचा तुकडा थोडा वेळ वळवळतो आणि मरतो. माझ्या बेडमधली गांडुळं उभयलिंगी आहेत, म्हणजे एकाच अंगात नर-मादी दोन्ही, तरी जोडी लावतात आणि मग कोष टाकतात. एका अंगात दोन्ही असणं वेगळं आणि नराशिवाय चालवणं वेगळं. (गांडुळांच्या काही जाती जोडीशिवायही पिल्लं देतात, पण तुकड्यातून नव्हे.) तुम्हाला तुकड्यांतून वाढणारा जीव हवा असेल तर प्लॅनेरिया बघा. चपटा, ओढ्यातल्या दगडाखाली असतो, त्याचा बारीक तुकडासुद्धा पूर्ण जीव होतो.

गप्पा_मारतो_फक्त

आता रात्री झोप लागायची नाही. 😔

बामणोद_ते_बाणेर

अवांतर, पण घरातला जुना वाद मिटवून टाका. आमच्याकडे मोठ्या काकू "फार्मचं अंडं शाकाहारी" म्हणून एकादशीलाही खातात. कारण काय, तर नरच नव्हता.

शेवभाजी_जास्त_तिखट

एकादशीला अंडं! काकूंचा पत्ता द्या, दर्शन घेतो.

प्रयोगवही

नमस्कार. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते, आता निवृत्त. दोन-तीन धाग्यांचा गुंता झालाय तो सोडवते, लांबलं तर माफ करा.

काकूंच्या अंड्यात नर नव्हता हे खरं, पण पिल्लूही नव्हतं. ते अंडं उबवलं तर सडेल. नराशिवाय अंडं देणं आणि नराशिवाय संतती होणं यांत फरक आहे. गंमत अशी की पक्ष्यांतही दुसरा प्रकार अधूनमधून होतो. १९५०च्या दशकात अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या संशोधन केंद्रात टर्की कोंबड्यांची न फळलेली अंडी उबवली, त्यांतल्या काहींत वाढ दिसली आणि थोडी पिल्लंही निघाली. सगळी नर! शाकाहाराचा निर्णय काकूंवर सोडते.

आता "सगळी नर" का? इथेच वाळा आणि बाकीचे वेगळे पडतात. बाप नसला की मूल आईची नक्कल असतं असं आपण धरून चालतो. तसं नेहमी नसतं.

मावा आणि वाळा: आईच्या गुणसूत्रांचा पूर्ण संच जसाच्या तसा लेकीत. ही नक्कल.

कोमोडो ड्रॅगन ही मोठी घोरपड: २००६ मध्ये इंग्लंडमधल्या दोन प्राणिसंग्रहालयांत नराशिवाय पिल्लं झाल्याचं सिद्ध झालं. चेस्टरच्या फ्लोराने तर नर कधी पाहिलाच नव्हता. तिथे आईच्या गुणसूत्रांचा अर्धा संच घेऊन अंडं तयार होतं आणि मग तोच अर्धा दुप्पट होतो. पिल्लू आईचंच, पण आईसारखं नाही. माणसात लिंग बापाच्या बाजूने ठरतं, या घोरपडीत आणि पक्ष्यांत आईच्या बाजूने. आईकडे दोन वेगवेगळी लिंग-गुणसूत्रं असतात. एक दुप्पट झालं तर नर, दुसरं दुप्पट झालं तर पिल्लू जगतच नाही. म्हणून सगळे नर.

मधमाशी: राणीचं फळलेलं अंडं म्हणजे मादी, न फळलेलं म्हणजे नर. हे १८४५च्या सुमारास झिएर्झोन नावाच्या मधमाश्या पाळणाऱ्या पाद्र्याने मांडलं आणि तेव्हा लोक त्याच्यावर तुटून पडले होते. नरमाशीला बाप नाही, पण आजोबा आहे, आईचा बाप. तिचं गोत्र मांडून बघा: नराला १ आई, २ आजी-आजोबा, त्यांच्या वरची पिढी ३ जणांची, मग ५, मग ८. गणिताचा बुडालेला तास इथे भरून काढता येईल, बाई.

जिभाऊ_धुळेकर

बाप नई, आज्या शे. म्हनजे सगळा कारभार मामासकडलाच!

मुनव्याची_शाळा

प्रयोगवही बाई, १, १, २, ३, ५ आज फळ्यावर केलं. पोरांनी मोहोळाचं झाड काढलं. एकीने प्रत्येक नरमाशीच्या डोक्यावर मुंडावळ्या काढल्या.

पण केळीचं कोणीच बोललं नाही. आबा रोज विचारतात, "काय म्हणतात तुझे ते लोक?"

कांदेबाग_यावल

आलो. काल कापणी होती, गाडी भरून दिली आणि बसलो.

आबांना माझा नमस्कार सांगा, पण मी तुमच्या बाजूने आहे ताई. ती लेक नाही, तीच आहे. केळीत बी नाही. जुन्या केळीत जे काळे ठिपके दिसतात ते बी होऊ घातलेलं राहून गेलेलं. आपल्या केळीत गुणसूत्रं ३३, अकराचे तीन संच. दोन संच असते तर वाटणी झाली असती, तिघांत जोड्या लागत नाहीत. म्हणून बी धरत नाही आणि फळ मात्र परागाशिवायच भरतं. कमळात (घडाच्या टोकाच्या केळफुलात) काय आहे नाही याच्याशी घडाचं देणंघेणं नाही, म्हणून तर आपण घड निसवला की कमळ मोडतो.

मग वाढवायची कशी? कंदाच्या डोळ्यातून मुनवा निघतो. आमचे वडील मुनवे निवडायला शेतात उकिडवे बसायचे. तलवारीच्या पात्यासारखी बारीक पानं, खाली नारळाएवढा कंद, रोग नसलेल्या झाडाचा. रुंद पानांचं पिल दिसायला टवटवीत, पण कामाचं नाही. तो कंद माझ्या शेतात लावला म्हणजे त्या शेतकऱ्याच्या शेतातलं झाडच थोडं सरकून माझ्याकडे आलं. घड कापला की आम्ही एक पिल ठेवतो, पिलबाग करतो, ती कोणाची? त्याच बुंध्याची. बसराई असो, श्रीमंती असो, ग्रँड नैन असो, सगळ्या कॅव्हेंडिशच्याच घरातल्या.

आता टिश्यू कल्चरच्या रोपांचं. मुनव्याचा वाढता कोंब, नखाएवढा, काढून बरणीत वाढवतात, फुटवे तोडतात, पुन्हा वाढवतात. एकाची हजारो होतात, बाग एकसारखी निसवते, कापणी एकदम येते, फायदा आहेच. पण फार वेळा तोडत गेलं की त्यात वेडीवाकडी निघतात, म्हणून चांगली लॅब हात आखडता ठेवते. आणि आईच्या अंगात विषाणू असला तर तो पोरींना फुकट मिळतो. चार वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून स्वस्तात रोपं आणली, नाव घेत नाही. श्रावण लागेस्तोवर पानांवर पिवळे पट्टे, पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) सडायला लागला. हरण्या! अडीच हजार झाडं उपटून गाडली. बायको दोन दिवस शेतात आली नाही.

त्यात चोपड्याच्या भाऊंनी सांगितलेला मावा. हरण्याचा विषाणू झाडाझाडांवर नेतो कोण? मावा. म्हणजे नराशिवाय वाढलेला किडा, बापाशिवाय वाढलेल्या झाडावर, स्वतःच्याच नकला काढणारा विषाणू घेऊन येतो. तिघांत मिळून एक बाप नाही आणि कर्ज मात्र माझ्या बापाच्या नावावर.

शेवभाजी_जास्त_तिखट

शेवटची ओळ वाचून चहा सांडला.

चोपड्याचा_कापूसवाला

यावलकर भाऊ, बागेत काकडी, वांगी, टोमॅटो घेत होतात का? मावा तिथूनच येतो.

कांदेबाग_यावल

बांधावर काकडी होती. आईला भाजीपुरती हवी असायची. आता विकत आणतो.

तोरणमाळचा_वारा

यावलकर, केळीला बी नसतं म्हणू नका, *आपल्या* केळीला नसतं म्हणा. आमच्याकडे सातपुड्यात कड्याकपारीत पावसाळ्यात रानकेळ उगवते. बुडाशी जाड, मडक्यासारखी, उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, खाली कंद तग धरतो. तिच्या फळात गर नावापुरता आणि चिंचोक्यासारख्या काळ्या बिया ठासून. तिला मुनवेच फुटत नाहीत! बी हाच एक रस्ता. शेतातली बहीण बीशिवाय जगते, डोंगरातली बीशिवाय मरते. प्रत्येक रानकेळ थोडी वेगळी, आणि खाण्यालायक एकही नाही. 😀

बामणोद_ते_बाणेर

मी मूळचा केळीवाल्यांच्या घरचा, आता संगणकावर बसतो, त्यामुळे माहिती पुस्तकी आहे, सांभाळून घ्या.

"तीच केळी" हे किती खरं आहे बघा. कॅव्हेंडिश हे नाव इंग्लंडातल्या एका ड्यूकच्या घराण्याचं. त्याच्या चॅट्सवर्थच्या काचघरात १८३०च्या दशकात माळी जोसेफ पॅक्स्टनने ही केळ वाढवून फळाला आणली. तिथून ती जगभर गेली. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परदेशी बाजारात केळी म्हणजे ग्रो मिशेल नावाची दुसरीच जात. तिची सगळी लागवड एकाच साच्यातली. पनामा मर रोगाची बुरशी मातीतून आली, आणि एका झाडाला जे झेपलं नाही ते कोणालाच झेपलं नाही. बागाच्या बागा गेल्या. मग कॅव्हेंडिश आणली, कारण तिला त्या बुरशीचं काही होत नव्हतं. आता बुरशीचा नवा प्रकार आलाय, टीआर-४, जो कॅव्हेंडिशलाही मारतो. २०१९ मध्ये कोलंबियात सापडला. आपल्या देशात बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळलाय.

आयर्लंडचा बटाटाही असाच. कंदापासून लावलेला लम्पर जातीचा, सगळ्यांच्या शेतात तोच. १८४५ पासून करप्याने सलग खाल्ला आणि दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला आनंद झाला होता. आता रावेर-यावलचा नकाशा बघितला की पोटात कालवतं.

कांदेबाग_यावल

बाणेरकर, पोटात कालवून भागत नाही. बाहेरच्या राज्यातून कंद आणू नका, दुसऱ्याच्या शेतात चाललेलं ट्रॅक्टर धुतल्याशिवाय आत घेऊ नका, एवढं इथल्या प्रत्येकाने केलं तरी पुष्कळ. ही बुरशी मातीबरोबर फिरते.

सहज_विचारलं

मग निसर्गाने नर ठेवलेच कशाला? मादी एकटी दुप्पट वेगाने वाढते, नर नुसता खातो.

मेहरूणची_बोर

माझ्या नवऱ्याला हा धागा वाचायला दिला होता, इथपर्यंत आला आणि उठून गेला. 🤣

प्रयोगवही

प्रश्न गमतीचा वाटला तरी जीवशास्त्रातला फार मोठा प्रश्न आहे. जॉन मेनार्ड स्मिथ यांनी हाच हिशेब मांडला: निम्मी संतती नर करणं म्हणजे दुप्पट खर्च. तरी बहुतेक प्राणी तो करतात. एक उत्तर बाणेरकरांनीच दिलंय: सगळी कुलपं एकाच किल्लीची असली तर चोराला एकच किल्ली पुरते. दर पिढीत पत्ते पिसले की रोगाला दर पिढीत नवी किल्ली घडवावी लागते. दुसरं, नकलेवर नक्कल काढत गेलं की चुका साठतात, त्या झटकायला वाव राहत नाही. पण नियमाला अपवाद आहेतच. शेवाळात आणि डबक्यात राहणारे डेलॉइड रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव कोट्यवधी वर्षं नराशिवाय चालवताहेत. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून सुमारे २४ हजार वर्षांपूर्वीचा एक काढला, तो जागा झाला आणि लगेच स्वतःच्या नकला काढायला लागला. २०२१ मध्ये ते जाहीर झालं.

सस्तन प्राण्यांत मात्र आपोआप होत नाही. काही जनुकांवर आईची खूण असते, काहींवर बापाची, आणि गर्भ वाढायला दोन्ही लागतात. २००४ मध्ये जपानमध्ये दोन माद्यांपासून बापाविना उंदीर केला, पण त्यासाठी प्रयोगशाळेत ती खूण मुद्दाम पुसावी लागली. तेव्हा मेहरूणच्या ताईंच्या यजमानांना सांगा, नोकरी पक्की आहे.

दूध_संकलन_अमळनेर

क्लोन म्हशीचं विसरलात. कर्नालच्या संस्थेत २००९ मध्ये समरूपा झाली, ती थोड्याच दिवसांत गेली, मग त्याच वर्षी गरिमा. माझी एक म्हैस चौदा लिटर देते. तिच्या कानाचा तुकडा घेऊन अजून दहा करून देईल का कोणी? करून दिल्या तरी त्या चौदा लिटर देतील याची हमी नाही म्हणा. चारा माझ्याच घरचा.

जुळा_क्रमांक_दोन

तीच की लेक, यावर माझंही ऐका. मी आणि माझा भाऊ एकाच अंड्याचे जुळे. म्हणजे लैंगिक प्रजननातून एक गर्भ झाला आणि त्याने मग पानफुटीसारखं स्वतःला दोन केलं. प्रत्येक एकसारख्या जुळ्यात हे घडतं. गुणसूत्रं तीच. पण त्याला भरीत चालतं, मला वांग्याचा वास सहन होत नाही. दोघांच्या चपलासुद्धा वेगळ्या अंगाने झिजतात. तेव्हा "तीच" म्हणणाऱ्यांनी जरा थांबा.

जिभाऊ_धुळेकर

भरीत नई चालस? तू खान्देशना नई, तू बाहेरथून आणेल मुनवा शे.

मेहरूणची_बोर

जुळे दादा, विरजणाचा विचार करा. माझ्या सासूबाईंचं विरजण त्यांच्या माहेरहून आलंय, त्यांच्या आईचं. एक चमचा ठेवायचा, दुधात घालायचा. त्यातले जिवाणू फुटून दोन होतात, चार होतात, कोणी मरून मागे राहत नाही, जुनाच अर्धा-अर्धा होतो. त्यात आई कोण आणि लेक कोण? मला वाटतं तिथे हा प्रश्नच विचारता येत नाही. दही मात्र सासूबाईंच्या हातचं आणि माझ्या हातचं एकसारखं लागत नाही, हे कबूल करते.

लिंबूवाला_पाचोरा

सगळे बीशिवायचं बोलताय. बी असूनही बाप नसतो हे माहीत आहे का? कागदी लिंबाचं एक बी लावा, दोन-तीन रोपं येतात. त्यातली बहुतेक आईच्या अंगाच्या पेशींतून झालेली, बापाचा काही संबंध नाही. मोसंबीचं कलम बांधायला खुंट म्हणून जंबेरी बीपासून वाढवतो ती एकसारखी येते ती याचमुळे. रोपवाटिकेत जे एखादं रोप वेगळं दिसतं, पानं वेगळी, वाढ वेगळी, ते खरं आई-बापाचं. ते आम्ही काढून फेकतो!

प्रयोगवही

लिंबूवाले, हे फार छान सांगितलंत. दाखल्यावर बापाचं नाव असलेलाच नापास.

मुनव्याची_शाळा

मंडळी, दोन बातम्या.

पहिली. सगळा धागा आबांना दोन संध्याकाळी वाचून दाखवला. आजेसासूबाईही ऐकत होत्या. यावलकरांच्या हरण्याच्या वेळी आबा गप्प झाले, ट्रॅक्टर धुण्याचं ऐकून म्हणाले, "उद्यापासून." मग मी विचारलं, आता तरी पटलं ना, तीच केळी? आबा म्हणाले, "तीच असेल तर मागच्या जूनच्या वादळात मोडून पडली ती कोण होती? रडलो कोणासाठी?" मला बोलताच आलं नाही. आजेसासूबाई म्हणाल्या, "केळ विते म्हणतो ना आपण? मग जे होतं ते लेकरूच." मत मोजलं तर घरात दोन विरुद्ध एक.

दुसरी. शाळेतली तुळस मोठी झाली म्हणून काल कुंडी बदलायला घेतली. माती उलटली तर तळाशी तीन पांढरी, लांबट, तांदळाच्या दाण्याएवढी अंडी. फणीधर दादा, फोटो पाठवते, तीच का?

फणीधर

फोटो पाहिला. वाळ्याचीच दिसताहेत. फिरवू नका, जशी होती तशीच ठेवा, वर तीच ओली माती लोटा आणि पाणी बेताने. तुळस दुसऱ्या कुंडीत लावा.

मुनव्याची_शाळा

तसंच केलंय. ज्याने प्रश्न विचारला होता त्याने कुंडीला पुठ्ठ्याची पाटी लावली आहे. नाव: वाळा. आईचे नाव: वाळा. वडिलांचे नाव: लागू नाही. जन्मतारखेची जागा रिकामी ठेवलीय.

जिभाऊ_धुळेकर

बारसाले आम्हले बलावजा.